तुरुंगात असाल तर मत नाही, जामिनावर असाल तर आहे : कैद्यांच्या मतदानाचा कायदा नेमका काय सांगतो?

७ मे २०२४. लोकसभा निवडणुकीचा तिसरा टप्पा. त्या एकाच दिवशी बेळगाव आणि चिकोडीत मतदान होतं, कोल्हापूर आणि हातकणंगल्यात होतं आणि गोव्याच्या दोन्ही जागांसाठीही होतं. सीमेच्या अलीकडची आणि पलीकडची माणसं एकाच दिवशी बोटाला शाई लावून घेत होती. हिंडलगा, कळंबा आणि कोलवाळ या तीन तुरुंगांच्या भिंतीआड असलेल्या बहुतेक कैद्यांसाठी मात्र तो रोजच्यासारखाच एक दिवस होता. त्यांच्यापैकी अनेकांची नावं मतदार यादीत होती, पण मत टाकायची सोय नव्हती. सोय नव्हती म्हणण्यापेक्षा परवानगीच नव्हती.

दर निवडणुकीला हा विषय निघतो. कुणी विचारतं, ‘भाऊ आत आहे, त्याचं नाव यादीत आहे, मग मत कसं टाकायचं?’ कुणी उलट विचारतं, ‘गुन्हेगारांना कशाला पाहिजे मत?’ दोन्ही प्रश्नांमागे एक समज आहे. आपला कायदा गुन्हा केलेल्याचं मत काढून घेतो, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात कायदा तसं म्हणतच नाही. तो काय म्हणतो, ते नीट पाहू.

कायद्याचं कलम

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधलं कलम ६२, पोटकलम ५. त्याचा सोपा अर्थ असा : जी व्यक्ती तुरुंगात बंदिस्त आहे, मग ती कैदेच्या शिक्षेमुळे असो, काळ्या पाण्याच्या शिक्षेमुळे असो किंवा इतर कोणत्या कारणाने असो, अथवा जी पोलिसांच्या कायदेशीर ताब्यात आहे, तिला कोणत्याही निवडणुकीत मत देता येणार नाही.

काळ्या पाण्याची शिक्षा आपल्या फौजदारी कायद्यातून १९५५ मध्येच गेली, पण या कलमात तो शब्द अजून आहे. खरा परिणाम होतो तो मात्र ‘इतर कोणत्या कारणाने’ या शब्दांचा. शिक्षा झालेला पक्का कैदी आणि खटला चालू असलेला कच्चा कैदी हे दोघे या शब्दांमुळे एकाच रांगेत येतात. दोष सिद्ध झालाय की नाही, हे कलम विचारत नाही. माणूस मतदानाच्या दिवशी आत आहे की बाहेर, एवढंच विचारतं.

म्हणूनच उलटी गोष्टही खरी आहे. खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप झालेला माणूस वरच्या कोर्टात अपील करून जामिनावर बाहेर असेल, तर हे कलम त्याला अडवत नाही. यादीत नाव आहे, ओळखपत्र आहे, तर तो रांगेत उभा राहून मत देऊ शकतो. शिक्षा पूर्ण भोगून सुटलेल्यालाही मताचा पूर्ण हक्क आहे. अमेरिकेतल्या काही राज्यांसारखी सुटकेनंतरही मत हिरावून घेणारी सरसकट तरतूद आपल्याकडे नाही.

कोण मत देऊ शकतो, कोण नाही

• शिक्षा भोगत तुरुंगात असलेला : नाही.
• न्यायालयीन कोठडीतला कच्चा कैदी : नाही.
• पोलिस कोठडीतला आरोपी : नाही.
• प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत असलेला (रासुका, महाराष्ट्रातला एमपीडीए, कर्नाटकातला गुंडा कायदा वगैरे) : होय, टपाली मतपत्रिकेने.
• जामिनावर बाहेर असलेला, मग तो आरोपी असो वा शिक्षा झालेला : होय.
• शिक्षा संपवून आलेला : होय.
• तडीपार : हक्क शाबूत आहे. मात्र मतदानासाठी हद्दीत यायचं तर सक्षम अधिकाऱ्याची किंवा कोर्टाची परवानगी लागते.
• पॅरोल किंवा फर्लोवर आलेला : कलमात या स्थितीचा वेगळा उल्लेख नाही. त्यामुळे बूथवर वाद घालण्यापेक्षा निवडणूक अधिकाऱ्यांकडून आधीच लेखी खुलासा घेतलेला बरा.

यात चौथ्या ओळीवर जरा थांबायला हवं. प्रतिबंधात्मक कायद्याखाली ज्याला आत टाकलंय, त्याच्याबद्दल सरकारचं म्हणणं असतं की हा माणूस बाहेर राहिला तर धोका आहे. तरीही त्याला तुरुंगातून टपालाने मत देता येतं, कारण त्याच्यावर खटला चालून दोष ठरलेला नाही. हे तत्त्व बरोबरच आहे. पण शेजारच्या बराकीतल्या कच्च्या कैद्यावरही दोष ठरलेला नसतो. त्याला मात्र मत नाही.

चारातले तीन कच्चे कैदी

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार, त्या वर्षअखेर देशातल्या तुरुंगांत एकूण ५ लाख ७३ हजार २२० कैदी होते. त्यातले ४ लाख ३४ हजार ३०२ कच्चे कैदी. म्हणजे शंभरातले जवळजवळ ७६. शिक्षा झालेले होते १ लाख ३३ हजारांच्या आसपास.

थोडक्यात, ‘गुन्हेगारांना मत नको’ असं म्हणून आपण जे कलम चालवतो, त्याचा फटका बसणाऱ्या दर चार माणसांतली तीन माणसं कायद्याच्या भाषेत अजून निर्दोष आहेत.

एक उदाहरण घेऊ. समजा, एकाच गावातल्या मारामारीत दोघांना अटक झाली. कलमं तीच, कोर्टही तेच. एकाच्या घरच्यांनी चांगला वकील गाठला, शेताचा उतारा घेऊन जामीनदार उभा केला, आठ दिवसांत पोरगा घरी आला. दुसऱ्याच्या बापाकडे ना शेत, ना जामीन राहणारा कोणी. कोर्टाने जामीन मंजूर करूनही रक्कम भरता येत नाही म्हणून तो आतच राहिला. मतदानाच्या दिवशी पहिला मत देतो, दुसरा देत नाही. या दोघांतला फरक गुन्ह्याचा नाही, पैशाचा आहे. कागदावर कुठेही लिहिलेली नसलेली मालमत्तेची अट इथे मागच्या दाराने येते. सर्वांना समान मतदानाचा हक्क देताना घटनेने जी अट काढून टाकली, तीच ही.

घटनेचं कलम ३२६ म्हणतं की प्रत्येक प्रौढ नागरिकाला मतदार म्हणून नोंदणीचा हक्क आहे. तो नाकारायचा तर रहिवास नसणं, मानसिक अस्वास्थ्य, गुन्हा किंवा निवडणुकीतला भ्रष्ट अथवा बेकायदेशीर व्यवहार एवढ्याच कारणांनी. आता प्रश्न असा की, ज्याचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे त्याला ‘गुन्हा’ या कारणात कसं बसवायचं?

सुप्रीम कोर्टाने काय म्हटलं?

या कलमाला आव्हान दिलं गेलं होतं. अनुकूलचंद्र प्रधान विरुद्ध भारत सरकार या खटल्यात १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने कलम वैध ठरवलं. कारणं साधारण तीन दिली. पहिलं, सगळ्या कैद्यांचं मतदान घ्यायचं तर पोलिस बंदोबस्त आणि यंत्रणा फार मोठी लागेल. दुसरं, जो स्वतःच्या वर्तनामुळे तुरुंगात आहे, त्याला बाहेरच्या माणसाइतकं स्वातंत्र्य मागता येणार नाही. तिसरं, गुन्हेगारी पार्श्वभूमीच्या लोकांना निवडणुकीपासून दूर ठेवणं हा हेतू योग्य आहे. मत देण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे, तेव्हा कायदा त्यावर मर्यादाही घालू शकतो, हा त्यामागचा आधार. त्यानंतरही याचिका होत राहिल्या, पण कलम आजही जागेवर आहे.

ही कारणं उडवून लावण्यासारखी नाहीत. तुरुंगातल्या मतदानावर दबाव येऊ शकतो, हे कुणीही मान्य करेल. बराकीत ज्याचा दरारा आहे त्याचं ऐकावं लागतं. जेलच्या कर्मचाऱ्यांना नाराज करणं परवडत नाही. अशा ठिकाणी गुप्त मतदान खरोखर गुप्त राहील का, ही शंका रास्त आहे.

पण यंत्रणेचा मुद्दा तितकासा टिकत नाही. स्थानबद्धांसाठी टपाली मतपत्रिका तुरुंगात जाते आणि परत येते. आता तर ठरावीक वयापुढच्या ज्येष्ठांचं आणि दिव्यांगांचं मत घ्यायला कर्मचारी घरोघरी जातात. डोंगरातल्या एकेका मतदारासाठी बूथ लावल्याच्या बातम्या आपण कौतुकाने वाचतो. तिथे जमतं, तर चार भिंतींच्या आत, नोंदवहीत प्रत्येकाचं नाव असलेल्या ठिकाणी का जमू नये?

दुसरा मुद्दा ‘स्वतःच्या वर्तनामुळे’ हा. शिक्षा झालेल्याला तो लागू पडतो. कच्च्या कैद्याला लावायचा तर निकाल लागण्याआधीच निकाल दिल्यासारखं होतं.

मत देता येत नाही, पण उभं राहता येतं

तिसऱ्या कारणाची, म्हणजे गुन्हेगारीला निवडणुकीपासून दूर ठेवण्याची, गंमत पुढे झाली.

पाटणा हायकोर्टाने असं म्हटलं होतं की, ज्याला कोठडीत असल्यामुळे मत देता येत नाही, त्याला उमेदवारही होता येणार नाही. १० जुलै २०१३ रोजी सुप्रीम कोर्टाने ते उचलून धरलं. राजकीय पक्षांत खळबळ उडाली आणि त्याच वर्षी संसदेने कायद्यात दुरुस्ती केली. आता कलम ६२(५) च्या खाली स्पष्ट लिहिलंय की, मतदानाला बंदी असली तरी यादीत नाव असलेली व्यक्ती ‘मतदार’ म्हणून कायम राहते. मतदार कायम म्हणजे उमेदवारी अर्ज भरायला मोकळी. दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली तर कलम ८ नुसार अपात्रता येते, शिक्षेचा काळ आणि सुटकेनंतरची आणखी सहा वर्षं. पण खटला चालू असेपर्यंत अडचण नाही.

२०२४ मध्ये इंजिनिअर रशीद तिहार तुरुंगातून बारामुल्ला मतदारसंघात उभे राहिले आणि ओमर अब्दुल्लांना दोन लाखांहून जास्त मतांनी हरवून खासदार झाले. कच्चा कैदी खासदार होऊ शकतो, पण स्वतःसाठी एक मत टाकू शकत नाही. अशी उदाहरणं जुनीही आहेत. मुंबईच्या कामगारांचे नेते जॉर्ज फर्नांडिस १९७७ मध्ये बडोदा डायनामाइट खटल्यात तुरुंगात असताना बिहारमधल्या मुझफ्फरपूरहून निवडून आले होते. तुरुंगातला उमेदवार चालतो, एवढंच नव्हे तर कधीकधी लोकशाहीला त्याची गरजही पडते, हे त्या निवडणुकीने दाखवलं. मग तुरुंगातला मतदार का चालत नाही?

असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेने उमेदवारांच्या शपथपत्रांवरून काढलेल्या हिशेबानुसार, २०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी २५१ विजयी खासदारांनी आपल्यावर फौजदारी गुन्हे असल्याचं जाहीर केलं. वजनदार आरोपी सभागृहात आणि बिनवजनाचा आरोपी बराकीत, मतदार यादीत नाव असूनही मताशिवाय, असं हे चित्र आहे.

जून २०२२ : कोल्हापूरकरांना आठवणारी निवडणूक

या कलमाचा फटका फक्त गरिबांनाच बसतो असंही नाही. १० जून २०२२ ला महाराष्ट्रातून राज्यसभेची निवडणूक झाली. सहाव्या जागेसाठी भाजपचे धनंजय महाडिक आणि शिवसेनेचे संजय पवार, दोघेही कोल्हापूरचे, आमनेसामने होते. एकेक मत मोलाचं. राष्ट्रवादीचे आमदार अनिल देशमुख आणि नवाब मलिक तेव्हा न्यायालयीन कोठडीत होते. काही तास सोडा, मत देऊन परत येतो, अशी त्यांची मागणी होती. कलम ६२(५) दाखवून कोर्टाने ती नाकारली. महाडिक निवडून आले. काही दिवसांनी विधान परिषदेच्या निवडणुकीतही दोघांना परवानगी मिळाली नाही.

दोघांपैकी कुणालाही शिक्षा झालेली नव्हती. पुढे दोघेही जामिनावर सुटले. मतदान जामीन मिळाल्यानंतर असतं, तर त्याच दोघांना, त्याच आरोपांसह, मत देता आलं असतं.

त्याच्या पाच वर्षं आधी, जुलै २०१७ च्या राष्ट्रपती निवडणुकीत, छगन भुजबळांनी तुरुंगात असताना कोर्टाच्या परवानगीने मत दिलं होतं. राष्ट्रपती निवडणुकीसाठी १९५२ चा वेगळा कायदा आहे. कैदी तसाच, कोठडी तशीच. कायदा बदलला आणि मत आलं.

गुन्ह्यामुळे मत जातं ते कधी?

एका बाबतीत मात्र कायदा खरोखर गुन्हा पाहून मत काढून घेतो. मतांसाठी लाच, मतदारावर गैरवाजवी दबाव, तोतया मतदान, धर्म-जातीच्या नावाने समाजात वैर पसरवून प्रचार अशा ठरावीक निवडणूक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्या माणसाचा मतदानाचा हक्क कलम ११अ खाली सहा वर्षं जातो. तो बाहेर असला तरी.

निवडणुकीतल्या ‘भ्रष्ट आचारा’बद्दल राष्ट्रपतींच्या आदेशानेही असं होऊ शकतं. मराठी वाचकांना ठाऊक असलेलं उदाहरण म्हणजे बाळासाहेब ठाकरे. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीतल्या प्रचाराचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, १९९५ मध्ये निकाल लागला आणि १९९९ मध्ये त्यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी काढून घेतल्याचा आदेश निघाला.

ही तरतूद समजण्यासारखी आहे. गुन्हा निवडणुकीशी निगडित, तो सिद्ध झालेला आणि बंदीला मुदत. कलम ६२(५) मध्ये या तिन्हींपैकी एकही गोष्ट नाही.

इतर देशांत काय आहे?

कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने २००२ मध्ये कैद्यांची मतदानबंदी पाच विरुद्ध चार अशा बहुमताने रद्द केली. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने १९९९ मध्ये आणि पुन्हा २००४ मध्ये कैद्यांच्या बाजूने निकाल दिला. ज्या देशात रंगावरून मत नाकारलं जात होतं, तिथल्या कोर्टाला प्रत्येक मताची किंमत वेगळी समजावून सांगावी लागली नसणार. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने २००५ मध्ये ब्रिटनला सांगितलं की सगळ्या शिक्षाधीन कैद्यांवर सरसकट बंदी चालणार नाही. ब्रिटनने बरीच वर्षं टाळाटाळ करून थोडीशीच सूट दिली. तरीही एक फरक लक्षात घ्या. ब्रिटनमधला हा वाद शिक्षा झालेल्यांचा आहे. खटला चालू असलेल्या कैद्याला तिथे आधीपासून मत देता येतं. अमेरिकेत मेन आणि व्हरमाँट या दोन राज्यांत तुरुंगातूनही मत देता येतं, तर काही राज्यांत सुटल्यावरही अडथळे असतात.

मग काय व्हावं?

खून-बलात्कारातल्या सिद्धदोष कैद्याला मत असावं का, यावर मतभेद राहणार आणि ते राहू द्यावेत. ज्याच्या घरातलं माणूस गेलंय, त्याला हे पटवणं सोपं नाही. पण तो वाद मिटेपर्यंत सव्वाचार लाखांवर कच्च्या कैद्यांना ताटकळत ठेवायचं कारण नाही. त्यांना स्थानबद्धांप्रमाणेच टपाली मत द्यावं. मत तुरुंगाच्या नव्हे, त्यांच्या मूळ मतदारसंघात मोजलं जावं, म्हणजे एका जेलच्या मतांनी एखाद्या वॉर्डाचा निकाल फिरण्याची भीती राहत नाही. शिक्षा झालेल्यांबाबत, मत काढायचं असेल तर शिक्षा सुनावतानाच कोर्टाने गुन्हा पाहून, मुदत घालून तसं सांगावं. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. संसदेने २०१३ मध्ये उमेदवारांसाठी जशी एक ओळ घातली, तशी एक ओळ मतदारांसाठी पुरेल.

घरच्यांनी लक्षात ठेवायच्या गोष्टी

तोपर्यंत निदान आहे तो हक्क हातचा जाऊ नये.

• माणूस तुरुंगात गेला म्हणून त्याचं नाव यादीतून काढता येत नाही. १९५० च्या कायद्यानुसार तुरुंग हा त्याचा रहिवास ठरत नाही, आणि घरापासून तात्पुरतं दूर असल्याने घरचा रहिवास संपत नाही.
• यादी तपासणीसाठी कर्मचारी घरी आले आणि ‘इथे राहत नाही’ असं कुणी सांगून टाकलं, तर नाव वगळलं जाण्याची शक्यता असते. नीट सांगा : कायमचा पत्ता हाच, सध्या घरी नाही.
• रहिवास संपल्याच्या कारणाने नाव वगळण्याआधी म्हणणं मांडायची संधी देणं नोंदणी अधिकाऱ्यांवर बंधनकारक आहे. नोटीस आली तर दुर्लक्ष करू नका.
• सुटून आल्यावर पहिल्यांदा यादीत नाव पाहा. नसेल तर नमुना ६, पत्ता किंवा तपशील बदलायचा असेल तर नमुना ८. मदतीसाठी १९५० हा क्रमांक आहे.
• माणूस प्रतिबंधात्मक कायद्याखाली स्थानबद्ध असेल, तर टपाली मतपत्रिकेसाठी वेळेत पाठपुरावा करा.

‘एकदा आत जाऊन आलो, आता आपल्याला मत नाही’ असा समज गावोगाव आहे. तो चुकीचा आहे. शिक्षा भोगून आलेल्या माणसाला नोकरी मिळायला वेळ लागतो, सोयरीक जुळायला वेळ लागतो, शेजाऱ्यांची नजर निवळायला तर वर्षं जातात. मतदानाची रांग ही एक जागा अशी आहे जिथे त्याला कुणी काही विचारू शकत नाही. यादीत नाव आहे ना, मग बोट पुढे करायचं.